पातेलं गातंय

आम्ही दर रविवारी सकाळी सुरतेत उधन्याला अण्णांकडे गाणी ऐकायला जमतो. पण घरी परतले की माझा नवरा दारातच विचारतो, "आज काय झालं?" "आज काय ऐकलं?" असं त्या माणसाने आजवर एकदाही विचारलेलं नाही! त्याचं तरी काय चुकतं म्हणा. गाणी येतात नि जातात, किस्से मात्र साचत राहतात. आता इतके साचलेत की सांगून टाकलेले बरे.

आधी मंडळी कोण ते ऐका. अण्णा बोरसे मूळचे अमळनेरकडचे. उभा जन्म इथेच बमरोलीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, आता निवृत्त आहेत. सुमनवहिनी त्यांच्या पत्नी. कुलकर्णी सर मराठी शाळेत गणित शिकवतात, आणि रविवारीसुद्धा शिकवायचे थांबत नाहीत. जिग्नेशभाई अण्णांचे शेजारी, साड्यांचे व्यापारी. आणि मी बँकेत कॅशियर. वहिनी मला नावाने हाक मारत नाहीत, "ओ बँकवाली!" म्हणतात.

अण्णांचं वेड एकच. रेकॉर्डिंग चांगलं असेल आणि दोन स्पीकर नीट मांडले असतील, तर डोळे मिटल्यावर स्पीकर गायब होतात! गायिका मधोमध, तबला उजवीकडे, सारंगी पार भिंतीच्या पलीकडे, अशी अख्खी मैफल समोर पसरते. जाणकार त्याला साउंडस्टेज म्हणतात. अण्णा सरळ "पसारा" म्हणतात.

तरुणपणी त्यांनी तो एकदा कुणाकडे तरी ऐकला होता, तेव्हापासून ध्यास घेतला. पण स्वतःची सिस्टीम घेण्याची ऐपत येईपर्यंत लूमने त्यांचा डावा कान खाल्ला. एका कानाने गाणं ऐकू येतं, पसारा काही कळत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. "एकदा, फक्त एकदा परत कळायला पाहिजे," असं अण्णा म्हणतात. हसत म्हणतात, पण मला दर वेळी वाईट वाटतं.

*

मग अण्णांनी एक युक्ती काढली. आम्ही डोळे मिटून ऐकायचं, आणि जे वाद्य जिथे ऐकू येईल तिकडे बोट दाखवायचं. अण्णा आमच्यासमोर उभे राहून बोटं बघणार आणि तिथे जमिनीवर एकेक भांडं ठेवणार. तबल्याचा पेला, सारंगीचा झारा, आणि गायिकेचं मोठं पातेलं! गाणं संपलं की अण्णा मांडणीकडे असे काही बघत बसतात, की जणू तिकीट काढून आलेत.

एकदा ऐन रंगात वहिनी आपलं पातेलं शोधत आल्या. "मनं पातेलं कोठे शे?"

सरांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. "श्श! पातेलं गातंय!"

"गाऊ द्या!" वहिनी म्हणाल्या. "मग चहाबी त्यालाच मागा!"

त्या दिवशी चहा मिळाला नाही. वहिनींनी वर स्वयंपाकघरात जाता जाता फर्मान सोडलं, "आते तो डबा बंद करा!" त्यांच्या अहिराणीत ‘आते’ म्हणजे आता, आणि त्यांच्या लेखी ती सिस्टीम म्हणजे डबा. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्यासमोर बसून एक गाणं ऐकलेलं नव्हतं.

*

जिग्नेशभाईंच्या दुकानात जागा कमी, म्हणून साड्यांचे गठ्ठे अण्णांच्या त्याच खोलीत ठेवलेले असतात. चारी कोपऱ्यांत छतापर्यंत कापड! त्याने खोलीतला घुमारा मरतो आणि आवाज असा काही लागतो की विचारू नका.

मग दिवाळी आली. माल हातोहात गेला, कोपरे रिकामे झाले. जिग्नेशभाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन नाचत आले. आम्ही गाणं लावलं, तर आवाज विहिरीत पडल्यासारखा!

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "अभिनंदन. तुमचा धंदा झाला, आमची सारंगी गेली."

पुढे बाजार थंडावला. जिग्नेशभाई पडेल चेहऱ्याने रिक्षातून गठ्ठे उतरवत होते, आणि सर जिन्यावरून टाळ्या पिटत ओरडले, "अण्णा, मंदी आली! लावा, लावा!"

"अरे, मारी मंदीमां तमने मजा आवे छे?" जिग्नेशभाई कळवळले.

आम्ही खोटं कशाला बोलू? "हो!" म्हणालो. पुढच्या रविवारपासून आवाज चांगला आहे का ते तेच आधी विचारायला लागले, "आज अवाज सारो छे? एटले धंधो खराब छे!"

*

एकदा आम्ही सगळे एका भारी शोरूममध्ये गेलो होतो. थंडगार एसी, गालिचा, टाय घातलेला सेल्समन. "सर, बस डोळे मिटा आणि स्टेज फील करा," असं तो हिंदीत म्हणाला आणि गाणं लावलं.

आम्ही सवयीने डोळे मिटले आणि बोटं वर केली. अण्णांनीही सवयीने समोरचे कॉफीचे मग उचलून गालिच्यावर मांडायला घेतले! सेल्समन घाबरला, मॅनेजर धावत आला. "अंकल, ये क्या कर रहे हो?"

मी डोळे उघडून बघते तर काय, आमची सगळ्यांची बोटं एकाच जागी होती आणि अण्णांनी मगावर मग रचून मनोरा केला होता. कुठली तरी वायर चुकली होती, दोन्ही स्पीकर अगदी तेच वाजवत होते, म्हणून सगळी मैफल मधोमध एका जागी गोळा झाली होती.

अण्णा मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, उधन्याच्या शेअर रिक्षात बसल्यासारखे बसलेत हो तुमचे कलाकार! जरा उतरवा त्यांना!"

*

अण्णांना पसारा ऐकवायचाच, असा चंग सरांनीही बांधला होता. त्यांचा सिद्धांत असा, की एक कान चालत असला तर मान फिरवत ऐकावं. कान जिकडे वळेल तिकडचं मोठं ऐकू येणार, म्हणजे दिशा कळणार. फळा असता तर आकृतीसुद्धा काढली असती!

जिग्नेशभाईंनी लगेच दुकानातली फिरती खुर्ची आणली. अण्णा बसले, गाणं सुरू झालं, आणि सर खुर्ची हळूहळू फिरवू लागले. गाणं द्रुत लयीत गेलं, तसे सरही द्रुत लयीत गेले! त्यांचं भानच सुटलं. आम्ही ओरडतोय, "सर, पुरे!" पण समेवर आल्याशिवाय थांबतील तर ते कुलकर्णी सर कसले?

खुर्ची थांबली. आम्ही श्वास रोखून विचारलं, "अण्णा, काही कळलं?"

अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "कळलं ना. नाश्त्याला फाफडा खायला नको होता."

आम्ही पोट धरून हसलो. पण खुर्ची परत द्यायच्या वेळी अण्णा तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "सर, तुमच्या डोक्याबद्दल शंका नाही. मलाच नाही नशिबात." मग कुणालाच हसू येईना. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्या डबा बंद करा म्हणाल्या नाहीत.

*

आणि आता श्रावणातला किस्सा. कानबाई या खानदेशी देवीचा सण जवळ आला होता. आम्हा मराठी लोकांतही खानदेशी मंडळींचा हा सण म्हणजे जीव की प्राण. दुपारी गल्लीतल्या बायका वहिनींकडे गाण्यांची तालीम करायला जमायच्या. एक दिवस वहिनी मला म्हणाल्या, "ओ बँकवाली, आमचं गाणं त्या डब्यात घालता येतं का?"

मी पडायचीच बाकी! जिग्नेशभाईंनी दोन माइक आणले. बायका त्याच खोलीत, गठ्ठ्यांच्या मधे अर्धगोल करून बसल्या आणि गायल्या. कुणाचं हसू, कुणाच्या बांगड्या, सगळं रेकॉर्ड झालं.

रविवारी ते ऐकायला बायकाही आल्या आणि आमच्या मागे दाटीवाटीने बसल्या. गाणं सुरू झालं. आम्ही डोळे मिटून बोटं दाखवतोय, अण्णा भांडी मांडतायत. ढोलकीचा पेला, मंगलबाईंची वाटी, कोपऱ्यातल्या आजींचा झारा. पण मुख्य आवाज आला, सगळ्यांची बोटं मधे, जराशी डावीकडे गेली, आणि अण्णांच्या हातात काहीच उरलं नाही. पातेलं वर चहाच्या आधणात अडकलेलं!

"पातेलं आणा!" सर कुजबुजले.

तेवढ्यात वहिनी हातात सांडशी घेऊन खाली आल्या. मांडलेली भांडी बघितली, आमची बोटं बघितली, नि हसल्या. "आठे ना? मी आठेच बठेल व्हतू," म्हणाल्या आणि रेकॉर्डिंगच्या वेळी बसल्या होत्या त्याच रिकाम्या जागी पदर खोचून बसल्या. बसल्या त्या बसल्या, आणि स्पीकरमधल्या स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळून गायला लागल्या!

ते बघून मंगलबाई उठल्या. आपली वाटी बाजूला सारून तिथे बसल्या. मग ढोलकीवाली. मग आजी झारा उचलून, गुडघे धरत, कोपऱ्यात. एकेक भांडं उठत गेलं आणि एकेक बाई बसत गेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत खोली भरली.

अण्णा मधल्या खुर्चीवर बसले. वहिनींकडे बघितलं, मंगलबाईंकडे बघितलं, पार कोपऱ्यातल्या आजींपर्यंत नजर नेली, आणि पुन्हा इकडून तिकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा असा फुललेला की मी तसा कधीच पाहिला नव्हता.

मग त्यांनी आमच्याकडे वळून हात वर केला नि ओरडले, "आते तो डबा बंद करा!"