तळ्याकाठी ती का रडली

मूकपटांच्या काळात सोलापुरात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा एक माणूस असे. पडद्यावरच्या पाट्या इंग्रजीत, प्रेक्षक मराठी, कानडी, तेलुगू. त्यामुळे चित्रं परदेशची असली तरी गोष्ट सांगणाऱ्याची असे.

त्या उन्हाळ्यात मला पुण्याला जायचं होतं. मास्तरीण होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी तिथे सुट्टीतला वर्ग निघाला होता, आणि मी जाणारच होते. अप्पा ‘विचार करतो’ म्हणाले होते. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘नाही’ असाच होई.

तेवढ्यात घर सोडून उन्हाळाभर तळ्याकाठी तंबूत राहणाऱ्या तरुण मुलामुलींचा सिनेमा आला. अप्पांनी अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, आणि मला मुद्दाम नेलं. गोष्ट सांगायला एक निवृत्त हेडमास्तर होते. जरीची पगडी, उपरणं, हातात छडी. मुलं होडीत चढली की ते गरजत, "पाहा, अधःपाताकडे प्रयाण!" शेवटी एक मुलगी तळ्याकाठी बसून रडू लागली, तेव्हा छडी तिच्या नाकावर टेकली. "पश्चात्ताप! मातापित्यांचं छत्र झुगारल्याचं फळ!" टाळ्या पडल्या. पडद्यावरच्या मुलीच्या वतीने हेडमास्तरांनीच वाकून त्या स्वीकारल्या.

"बघितलंस?" शुक्रवार पेठेत शिरताना अप्पा म्हणाले.

"छडी बघितली."

"उलट बोलू नको. तुझी अव्वासुद्धा घाबरली."

अव्वा अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी. हेडमास्तरांचं मराठी तिला निम्मंही कळलं नव्हतं, म्हणून ती गप्प होती.

मी हटले नाही. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ खेड्यांतून आलेल्या लोकांसाठी कानडीतून होई. "अव्वाला नीट कळू दे की," असा धोशा लावून मी दोघांना पुन्हा नेलं.

तिथे सांगायला सरकीचा एक दलाल होता. स्टुलावर बसून पान चघळत तो म्हणाला, "ह्यांतल्या एकालाही पोहता येत नाही. आता गंमत बघा." अव्वा तोंडाला पदर लावून हसली. शेवटी ती मुलगी रडू लागली. दलालानं सुस्कारा टाकला. "सुट्टी संपली. उद्या परत घरी. रडेल नाही तर काय करेल बिचारी?"

बायकांच्या बाजूला हशा पिकला. त्यात अव्वाचा आवाज पुरुषांच्या बाजूपर्यंत पोचला असावा, कारण बाहेर आल्यावर अप्पांनी आधी तिच्याकडेच पाहिलं.

"मग ह्या दोघांतलं खरं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"ते तळं दोघांनीही पाहिलेलं नाही," मी म्हणाले. "पुणं मी स्वतः पाहते."

"आणि तिथं जाऊन रडलीस तर?"

उत्तर अव्वानं दिलं, कानडीत. "तर कशाला रडलीस म्हणून तिलाच विचारू की. त्या पगडीवाल्याला कशाला विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी अप्पा पुण्याच्या गाडीची वेळ विचारायला स्टेशनावर गेले.