वरून टिपलेला माणूस

मी एका माणसाला कॅमेऱ्याने बुटका केला. ठरवून केला, आणि त्याचं मला आजवर एकदाही वाईट वाटलेलं नाही.

तो आमच्या सिनेमाचा दिग्दर्शक होता. सिनेमा मुलांच्या साहसाचा. चार मुलं आणि त्यांचे इतिहासाचे शिक्षक एका जुन्या नकाशावरून डोंगरातलं पाण्याचं टाकं शोधायला निघतात, अशी गोष्ट. शिक्षकाचं काम दिग्दर्शक स्वतःच करणार होता. टोपीसुद्धा त्याने स्वतः निवडली होती.

कॅमेरा माझ्याकडे होता. शूटिंगच्या आधी दोन महिने मी विश्रांतवाडीहून स्कूटर काढून मुळशीच्या बाजूच्या त्या डोंगरात जायचे, कातळावर बसायचे आणि दोनशे पानी वहीत एकेका प्रसंगाचे शॉट काढायचे. माझं म्हणणं साधं होतं. साहसाच्या गोष्टीत कॅमेऱ्याला मुलांपेक्षा जास्त माहीत असता कामा नये. म्हणून तो त्यांच्या मागून, त्यांच्या खांद्याच्या उंचीवरून चालणार. तो पुढे गेला की वळणापलीकडचं प्रेक्षकाला आधी दिसतं आणि भीती तिथेच संपते. मुलं धावली की तो धावणार, थिजली की थिजणार. आणि दरी सबंध अशी एकदाच दाखवायची. सगळ्यात धाकटी मुलगी दोरीला धरून मधोमध पोचते तेव्हा, खूप लांबून. अफाट कातळ आणि त्यावर मुंगीएवढी ती.

मग कोथरूडला निर्मात्याच्या ऑफिसात बैठक झाली. दिग्दर्शकाने माझी वही उघडली आणि पहिल्या पानापासून सांगायला सुरुवात केली. "हे मी असं बघितलंय..." माझी वाक्यं, माझ्याच क्रमाने. निर्माता खूश होऊन मान डोलवत होता.

मी म्हटलं, "सर, ही वही माझी आहे."

"हो हो," तो निर्मात्याकडे बघून हसला. "लिहून यांनीच घेतलंय. अक्षर फार सुंदर आहे यांचं."

माझा पहिलाच मोठा सिनेमा होता. हा हातचा गेला तर दुसरा कधी, हे माहीत नव्हतं. तेवढ्यावर मी कदाचित हा विषय पोटात घालून टाकलाही असता.

पण शूटिंगच्या चौथ्या दिवशी माझे बाबा आले. पोस्टातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी काम कशी करते ते बघायला. मी कॅमेरा खांद्यावर घेऊन चढ चढत होते. दिग्दर्शक खुर्चीत बसला होता. त्याने बाबांना जवळ बोलावलं, चौकशी केली आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

बाबांनी सांगितलं.

"हं. तरीच," तो म्हणाला. "एवढं वजन घेऊन कशी चढते बघा. तुमच्याकडे अंगमेहनतीची सवय असतेच. विचार करायचं आमच्याकडे सोडा."

आजूबाजूचे दोघे-तिघे उगाच हसले. शर्टाच्या खिशातलं पेन काढून बाबांनी पुन्हा खिशात लावलं, मला हात केला आणि उतारावरून एकटेच खाली गेले. आयुष्यभर असल्या वाक्यांसमोर त्यांनी जे केलं होतं, तेच आताही केलं. मला त्यांचा राग आला नाही. पण हे वाक्य मी बिनउत्तराचं जाऊ देणार नव्हते.

त्या दिवसापासून मुलांचे शॉट मी वहीप्रमाणे घेतले आणि त्याचे माझ्या मनाप्रमाणे.

तो कड्यावर उभा राहून भाषण ठोकणार होता, तर कॅमेरा मी वरच्या खडकावर नेला. "सर, इथून मागची दरी फार सुंदर येते," मी म्हटलं. खोटं नव्हतं. दरी सुंदर येत होती आणि तिच्यापुढे तो टोपी ठेवलेल्या मडक्यासारखा दिसत होता. मुलांच्या मदतीला तो धावत येतो, तो प्रसंग मी खूप लांबून, लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतला. त्या लेन्समध्ये समोरून धावणारा माणूस पाय आपटत राहतो, पण जवळ काही येत नाही. "भिऊ नका, मी आहे ना!" या त्याच्या वाक्यावर कॅमेरा रुळांवरून हळूच निघाला आणि त्याला मागे टाकून त्या धाकट्या मुलीपाशी गेला. ती ओठ चावत दोरीला गाठ मारत होती. त्याचं भाषण चौकटीबाहेर चालूच राहिलं.

प्रत्येक टेकनंतर तो मॉनिटरपाशी यायचा आणि टोपी नीट आहे का, जबडा कणखर दिसतोय का, एवढंच बघायचा. "ओके!" तो म्हणायचा. त्याच प्रसंगांचे दुसऱ्या कोनातले शॉट मी घेतलेच नाहीत. एडिटिंगला त्याच्याकडे निवडायला काही उरलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा कोथरूडच्या एका थिएटरात सकाळचा खेळ होता, शाळेतल्या मुलांनी भरलेला. मी आणि बाबा मागच्या रांगेत बसलो होतो, दिग्दर्शक पुढे, पाहुण्यांमध्ये. तो पडद्यावर धावायला लागला तशी खसखस पिकली. एक पोरगं ओरडलं, "अहो काका, बस पकडा!" कड्यावरच्या भाषणाला तर आख्खं थिएटर हसत होतं. मला पुढच्या रांगेत त्याची मान दिसत होती. ती ताठ होती, आणि मग हळूहळू खांद्यांत जात होती. मी पडदा सोडून तिच्याकडेच बघत राहिले. इतकं सुख मला कुठल्याच शॉटने दिलं नव्हतं.

मुलगी दोरीवर आली तेव्हा मात्र थिएटर चिडीचूप झालं.

खेळ संपल्यावर त्याने मला जिन्यात गाठलं. चेहरा लाल झाला होता. "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"सर, प्रत्येक शॉट तुम्ही मॉनिटरवर बघितलाय," मी म्हटलं. "आणि ओके म्हणालायत."

श्रेयनामावलीत त्याने मला 'कॅमेरा साहाय्य' करून टाकलं होतं, तेही अगदी तळाला. पुढे बऱ्याच जणांना फोन करून माझ्याबद्दल सांगितलं. वर्षभर मला सिनेमा मिळाला नाही. मी लग्नं शूट केली, जाहिराती केल्या. त्या सकाळी थिएटरातून परतताना रिक्षात बाबांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला पहिल्याच सीनला कळलं होतं." एवढंच. पण विश्रांतवाडीच्या चौकात त्यांनी रिक्षा थांबवून पेढे घेतले.

आता मी एका कॉलेजात कॅमेरा शिकवते. दरवर्षी नव्या मुलांना तो कड्यावरचा प्रसंग दाखवते. कॅमेरा वर गेला की माणूस कसा लहान होतो आणि बोलणाऱ्याला सोडून निघाला की गोष्ट कोणाची होते, हे त्यातून लगेच समजतं. मुलं दरवर्षी हसतात.

मागच्या महिन्यात तो कॉलेजात पाहुणा म्हणून आला होता. व्हरांड्यात मला बघून थांबला. केस पिकलेत आता. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ते तेवढं दाखवणं बंद करता आलं तर... मुलं मला ओळखतात हो."

"पुढच्या सोमवारी आहे, सर," मी म्हटलं. "अकरा वाजता. या."