सेक्रेटरींसमोर काढलेलं दूध

"रविवारी गाय न्यायला माणूस येतोय, बाई. आता तपासून काय उपयोग?" दळवी म्हणाले.

तरी मी तपासली. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीत गुरांची डॉक्टर होते. दळवी मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी ही एकच संकरित गाय घेतली, गौरी. घर तिच्यावरच चालायचं. व्यायल्यावर अकरा लिटर देणारी गौरी दोन महिन्यांत सातवर आली होती. ताप नाही, कासेला सूज नाही, चारा चोख. उलट कास अशी तट्ट भरलेली, की बघणारा खूश व्हावा.

"धार कधी काढता?"

"संध्याकाळी चारला. सकाळी आधी पाचला काढायचो, आता नऊला. समोरच्या सोसायटीला दूध डोळ्यांदेखत काढलेलं हवं. आणि त्यांचे सेक्रेटरी आठशिवाय उठूचे नाय."

म्हणजे सतरा तास! मला त्या सेक्रेटरींच्या झोपेचा भयंकर राग आला.

लोकांना वाटतं, कास म्हणजे टाकी. जितकं थांबाल तितकी भरेल. तसं नसतं. दूध बारीक पिशव्यांत तयार होतं आणि खालच्या पोकळीत उतरतं. ती जागा भरली की दूध वरच तुंबतं आणि कास नवं दूध करणं कमी करते. रोज असंच झालं, तर दूध करणाऱ्या पेशीही घटत जातात.

दळवींना हे एका झटक्यात कळलं. "गोदाम भरला की गिरणीतला खाता बंद. म्हणजे बाई, कासेत ले-ऑफ!"

सेक्रेटरींना पटेना. "एवढी भरलेली कास, आणि दूध आटलं म्हणता?"

"भरून ठेवता म्हणूनच आटलं. धार पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला निघेल. ज्यांना बघायचंय त्यांनी संध्याकाळी यावं."

पहाटेचं नाव काढताच ते संध्याकाळला कबूल झाले. रविवारचा माणूस हात हलवत परत गेला. तीन आठवड्यांत गौरी साडेनऊवर आली, अकरावर नाही. बंद पडलेली सगळी खाती पुन्हा सुरू होत नाहीत, हे दळवींना सांगायची गरज नव्हती.

"पण मधे सात लिटरांत सगळ्यांचं कसं भागवलंत?" मी विचारलं.

दळवी ओशाळले. "धार त्यांच्यासमोर काढायचो. माप आत घालायचो. आत नळ आहे."

तेव्हापासून दूध घटल्याची तक्रार आली, की मी कासेआधी घड्याळ विचारते. पण सगळ्या तक्रारी घड्याळाने सुटत नाहीत. महिन्याभराने सेक्रेटरी स्वतः दवाखान्यात आले. चेहरा उतरलेला.

"डॉक्टर, आधीचं दूध हलकं होतं हो. हल्लीचं मला पचत नाही. गाईला काहीतरी औषध द्या ना."