अक्कांच्या दारातला ड्रम

लाल साबणाचा उग्र वास आला की अमळनेरची आमची जुनी गल्ली आठवते आणि शेजारच्या अक्कांच्या दारातला निळा ड्रम. कोरोनात येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात धुवायला मांडलेला तो ड्रम त्यांनी साथ ओसरली तरी हलवला नव्हता. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा त्या ड्रम काठोकाठ भरायच्या. येणाऱ्याच्या हातावर स्वतः तांब्याने पाणी घालायच्या, आणि झाकणाला कुणाचा हात लागू नये म्हणून ड्रम उघडाच ठेवायच्या. एका पावसाळ्यात त्यांची नात तापाने फणफणली. डेंग्यू निघाला, तिला धुळ्याला हलवलं. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेवक आला आणि त्याने बॅटरी लावून ड्रममध्ये पाहिलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्याने ड्रम आडवा केला. "बठ्ठं पानी सांडी दिधं, भाऊ," अक्का गटारीकडे बघत म्हणाल्या, "आते हात कसाघाई धवू?" आता हात कशाने धुवायचे, हीच त्यांना काळजी. पोर वाचली नाही. स्मशानातून परतलेली माणसं रिवाजाप्रमाणे हातपाय धुवायला दारात थांबली, तेव्हा तो ड्रम तसाच आडवा पडलेला होता. आज माझ्याही दारात ड्रम आहे आणि पाणी इथेही आठवड्यानेच येतं. मी झाकण घट्ट लावतो, थोड्या वेळाने उघडून आत बघतो, पुन्हा लावतो.