हुद्द्याला भिणारे सर

हुद्द्याला आमच्या इतिहासाच्या सरांइतका भिणारा माणूस अख्ख्या महागाव तालुक्यात झाला नसेल. साप निघाला तर ते काठी घेऊन पुढे जात. पण कुणी "जरा अध्यक्ष व्हा" म्हटलं, की त्यांना दरदरून घाम फुटे. गणेशमंडळाची पोरं हार घेऊन आली, तेव्हा सर मागच्या दाराने कपाशीत शिरले ते आरती संपल्यावरच बाहेर आले. वर्गात त्यांनी कधी मॉनिटर नेमला नाही. "पुस्तकं उघडता का, बाप्पा?" असं विचारत, आणि आम्ही नाही म्हटलं की खरोखर थांबत.

याला कारण होता एक जर्मन हुद्दा. दुसरं महायुद्ध शिकवताना सर हिटलरला दोन वाक्यांत उरकत आणि उंटरश्टुर्मफ्युररवर दोन तास घेत. हिटलरच्या एसएस नावाच्या दलातला हा सगळ्यांत धाकटा अधिकारी. फळ्यावर कॉलर काढून सर त्यावर तीन ठिपके देत. "हिटलर काही घरोघरी गेला नाही, लेकहो. माणसं मारायला नेणाऱ्या रेल्वेच्या डब्यात कोंबून दार लावणारा हाच. विचारलं तर म्हणे, मले वरून हुकूम होता. लहान हुद्दा लई वाईट. त्यात माणूस कधी विरघळते, त्यालेच कळत नाही."

म्हणून मुख्याध्यापकपद चालून आलं, तेव्हा सरांनी हात जोडले. "अवो, शाळा आहे ते, फौज थोडीच आहे!" सरांच्या घरच्या काकू म्हणाल्या. सरांनी ऐकलं नाही. पद दुसऱ्या गुरुजींकडे गेलं आणि त्यांनी घंटा होताच फाटक बंद करायला लावलं. आम्ही पोरं सायकलने वेळेत पोचायचो. आमच्या तांड्यावरच्या मुली एसटीने यायच्या, आणि एसटी यायची घंटेनंतर. माझी ताई, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, रोज फाटकावरून परत येऊ लागली. सर नव्या मुख्याध्यापकांना विनवायला गेले. "नियम सगळ्याईले सारखा, सर," एवढंच उत्तर मिळालं. दिवाळीनंतर वडिलांनी ताईची शाळा सोडवली.

सरांच्या शिकवण्यावर मी मात्र पदवीधर झालो, घरातला पहिला. पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. पेढा हातात धरून सर म्हणाले, "ताई कुठं दिली रे तुझी?"

"झरी जामणीकडे, सर."

"मी हो म्हटलं असतं, तर फाटक उघडं राह्यलं असतं ना?"

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला.

"पोरगी आहे ना तिले? शाळेत वेळेवर पोचते काय?"

"शाळा घरासमोरच आहे, सर," मी म्हणालो. "तरी ताई तिला रोज घंटेच्या खूप आधी फाटकात नेऊन उभी करते."