गंगेला उष्टं लागत नाही

भाद्रपद वद्य तृतीया, सकाळ. हजर: काशीच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात दोन रांगांतल्या आठ रोगी, बंगाली डॉक्टरबाबू, झाडूवाली, माझ्या यजमानांच्या आत्याबाई आणि मी. स्वयंपाक, चादरी आणि भांडी यांची देखरेख माझ्याकडे होती.

आठांपैकी पाच जणींना जुलाब लागले होते. त्यांच्यातली एकही त्यासाठी दवाखान्यात आली नव्हती. कुणाचा पाय मोडलेला, कुणाला हिवताप, एक बाळंतीण. आदल्या आठवड्यात दोघी गेल्या, त्याही असल्याच जुलाबांनी. बरं व्हायला आलेली बाई इथं येऊन दुसऱ्याच दुखण्यानं जाते, हे मला सहन होईना.

डॉक्टरबाबू सरळ माझ्याकडे वळले. "बाई, रसोई देखिए."

रसोई मी पाहिली. दूध दोनदा तापवायला लावलं, ताटांवर जाळी घातली, मोरीत विलायती फिनाईल ओतलं. तरी सहावी आजारी पडली. उरल्या दोघी. एक मदनपुऱ्याच्या मुसलमान विणकराची बायको. तिचा डबा घरून यायचा. दुसरी मिशनच्या शाळेतली ख्रिस्ती मास्तरीण. ती मात्र आमचंच जेवत होती, तेही चाटूनपुसून. म्हणजे दोष रसोईचा नव्हता.

विणकराची बायको मोठी थट्टेखोर. मी तिची चादर बदलत असताना म्हणाली, "हमें तो माताजी पूछती ही नहीं, बीमारी भी नहीं पूछती!"

माताजी म्हणजे आमच्या आत्याबाई. नवरा गेल्यावर त्या देशावरून काशीला आल्या आणि आमच्याच घरी, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहिल्या. त्यांचं व्रत एकच: या वॉर्डातली कुणी गंगा तोंडात न पडता जाता कामा नये. रोज पंचगंगा घाटावर स्नान करून तांब्याचा गडू भरून आणायच्या आणि प्रत्येकीला तीर्थ द्यायच्या. दुखणाईत बाईला ओंजळ धरवत नाही, म्हणून तुळशीचं पान गडूत बुडवून तिच्या ओठांना लावायच्या. विणकरीण आणि मास्तरीण, दोघींना वगळून.

दुसऱ्या दिवशी मी चादरींचा गठ्ठा घेऊन त्यांच्या मागोमाग चालले. पान गडूत, पान बाळंतिणीच्या ओठांना, तेच पान परत गडूत, मग पुढच्या खाटेला. शेवटी गडूत उरलेलं घोटभर त्यांनी स्वतः घेतलं. तीर्थ टाकून द्यायचं नसतं.

घरी आमच्या पेल्याला कुणाचा ओठ लागला तर आत्याबाई तो राखेनं घासून उन्हात ठेवायच्या.

"आत्याबाई, ते पान उष्टं होतं की हो."

"अगं, गंगेला का उष्टं लागतं? सगळ्या काशीची पापं धुते ती."

"पापं धुवत असेल. हे जुलाब आहेत."

"जीभ आवर."

डॉक्टरबाबूंना सांगितलं. ते म्हणाले, पान वेगवेगळं ठेवून भागणार नाही, पाणीही उबालना पड़ेगा. हे आत्याबाईंपर्यंत पोचवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

"गंगा चुलीवर ठेवू? भाताच्या आधणासारखी?" त्यांनी गडू खाली ठेवला. "बरं. नाही देत. पण एखादी तशीच गेली, तर तिला तोंड कोण दाखवणार? तू?"

तो गडू भरलेलाच वॉर्डात राहिला आणि त्या पदर डोक्यावर ओढून निघून गेल्या.

त्यानंतर जुलाबांनी नवी खाट धरली नाही. आधीच्या हळूहळू सावरल्या. पण दोनच दिवसांत आत्याबाईंना डोलीतून आणावं लागलं. रोजचं उरलेलं तीर्थ त्यांच्याच पोटात गेलं होतं. त्यांचे हातपाय गार पडले. मी उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं त्यांच्या तोंडाशी नेलं.

"हे चुलीवरचं?"

"हो."

"कुठलं?"

"गंगेचंच आणवलंय. तापवलंय."

बराच वेळ त्यांनी ओठ मिटून ठेवले. पलीकडून विणकरीण म्हणाली, "पी लो माताजी, नहीं तो मैं पिला दूँगी!" आत्याबाईंनी झटकन तोंड उघडलं.

त्या वाचल्या. निघण्याच्या दिवशी त्यांनी गडूची चौकशी केली. डॉक्टरबाबूंना तो फिनाईल घालून खड्ड्यात रिकामा करायचा होता. आत्याबाई म्हणाल्या, तो गंगेचा आहे. परत गंगेत सोडावा म्हटलं, तर घाटावर बायका अंघोळ करतात, मुलं चुळा भरतात. शेवटी यात्रेकरू गंगाजली घरी नेताना करतात तसं त्याचं तोंड तांबटाकडून कथलाचा डाक देऊन बंद करून घेतलं आणि गडू माझ्या कपाटावर ठेवला. कुणी चुकून उचलू नये म्हणून गळ्याला लाल दोरा बांधला.

"असू दे तसाच," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या शेवटच्या दिवशी तोंडात तेच घाल. उकळू नकोस. तेव्हा मला काय होणार आहे?"

तेव्हा मी चादरी मोजत होते, मोजतच राहिले. आता दिवाळी होऊन गेली. कपाट पुसताना मी गडू उचलते, खालची धूळ झाडते आणि परत ठेवते. आत्याबाई पुन्हा घाटावर जातात, घरी माझ्याशी नीट बोलतात, आणि तो विषय काढत नाहीत. हो की नाही, ते त्यांना सांगायचं राहिलं आहे.