चुलतसासरे सात दिवस ग्रुपबाहेर

पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथे मोबाइलला रेंज मिळायची ती एकाच कातळावर. मी अंगणवाडीत काम करते, म्हणून पाड्याच्या ग्रुपची अॅडमिन मीच. जीप कधी निघणार, रेशनचा तांदूळ आला का, बाळांचा डोस कधी, एवढंच त्यात चालायचं.

माझे चुलतसासरे, सगळ्या पाड्याचे काका, प्रत्येक मेसेजखाली एकच लिहायचे, ‘खोटं आहे.’ जीप साडेसातला निघेल. खोटं आहे. तांदूळ आला. खोटं आहे. एकीने जन्मलेल्या बाळाचा फोटो टाकला, त्याखालीही तेच. माणूस तसा मऊ. मी कातळावर चढले की सरकून जागा द्यायचे.

मी बरेच दिवस गप्प राहिले. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्यांना ग्रुपमधून काढायचं कसं? पण डोसच्या दिवशी मोजून चार बाळं आली. बाकीच्या आयांना वाटलं, काकांनी खोटं म्हटलंय म्हणजे नर्सबाई येणार नाहीत. नर्सबाई लसींचा डबा मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी काका कातळावर माझ्या शेजारीच उभे होते.

“काका, तुम्हाला सात दिवस ग्रुपमधून काढावं लागेल.”

“नियम असेल तर काढ, पोरी.”

“नियम नाहीये.”

“मग आधी लिही.”

मी तिथेच नियम लिहिला, ‘खऱ्याला खोटं म्हणेल तो सात दिवस ग्रुपबाहेर.’ त्यांनी त्याखाली ‘खोटं आहे’ टाकलं. मग मी त्यांना काढलं. त्यांनी चष्मा पुसून फोन जवळून पाहिला आणि ते म्हणाले, “निघालो वाटतं.”

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले, पण कोणाचा फोन दिसू नये म्हणून पाठ करून उभे राहिले. तर लोकच मेसेज मोठ्याने वाचून विचारायला लागले, “काका, काय वाटतं?” काका म्हणायचे, “खोटं आहे,” आणि कोणीतरी लगेच लिहायचं, ‘काका म्हणतात, खोटं आहे.’

तीन दिवस असं चाललं. मग काहींनी माझ्याकडे तक्रार केली, की काढून उपयोग काय? शेवटी असं ठरलं, की सात दिवस संपेपर्यंत काकांनी पलीकडच्या ऐनाच्या झाडाखाली उभं राहायचं. तिथे रेंज नाही, आवाजही पोचत नाही. काका कुरकूर न करता गेले. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. ठाण्याहून लेकीचा होता. ऐनाखाली कातळापेक्षा चांगली रेंज होती. आजवर तिथे कोणी उभंच राहिलं नव्हतं.

सहाव्या दिवशी कातळ रिकामा. सगळा पाडा झाडाखाली, काकांच्या भोवती. मीही गेले. गर्दी पांगल्यावर त्यांना विचारलं, “काका, असं का लिहिता?”

ते म्हणाले, “ठाण्याला बिगारी करायचो तेव्हा मुकादम रोज सांगायचा, गाडी येतेय, नाक्यावर थांब. मी थांबायचो. गाडी यायची नाही. मग ठरवलं, आधी खोटं धरायचं. खरं निघालं तर बरं वाटतं.”

“पण बाळांचं काय?” मी विचारलं.

“ते चुकलं माझं,” ते म्हणाले.

आठव्या दिवशी मी त्यांना परत घेतलं. आता ते स्वतः रस्त्यापर्यंत उतरून बघतात आणि मगच लिहितात. काल त्यांनी लिहिलं, ‘जीप आली आहे, मी डोळ्यांनी बघितली.’ पण लिहायला त्यांना चढून झाडाखाली यावं लागतं, तोवर जीप मोखाड्याच्या वाटेला लागलेली असते. ज्यांची जीप चुकली ते माझ्याकडे येतात. यासाठी काय नियम लिहायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.